पितळेले कातडी नसते, काकू!

भंडाऱ्यात मी चार वर्षं ज्या काकूंच्या घरी भाड्याने राहिले, त्यांनी माझं जितकं डोकं खाल्लं तितकं माझ्या सख्ख्या आईनेही खाल्लं नाही. आणि कशासाठी? तोंडासाठी! माझ्या तोंडासाठी, दूधवाल्याच्या तोंडासाठी, पाणीपट्टी मागायला आलेल्या माणसाच्या तोंडासाठी. त्या बिचाऱ्याला तर पावती फाडायच्या आधी गालाला चिंच थापून ओट्यावर बसवलं होतं. तो बसलाही. काकूंना नाही म्हणायची कोणाची टाप होती!

मी खोली पाहायला गेले तेव्हा आधार कार्ड, कामावरचं पत्र, सगळं हातात घेऊन उभी होते. काकूंनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि गालावरून अंगठा असा घासला, की मी भांडं आहे की माणूस असा मलाच प्रश्न पडला.

"कळकलं आहे," कल्हई गेलेल्या भांड्याबद्दल बोलावं तसं त्या म्हणाल्या. "खोली देतो तुले. पन असं तोंड घेऊन माह्या घरातून निघत जाऊ नको. लोक म्हनतीन, काकूच्या घरी राहते आन् अशी दिसते!"

तेव्हा माझ्या तोंडावर मुरुमांची जत्रा होती हे खरं. पण भाडं ठरायच्या आधी मुरुमांचं ठरवणारी घरमालकीण मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

घराच्या पुढच्या भागात काकूंचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दुकान एकट्याच सांभाळायच्या. स्टीलने अर्धा बाजार गिळला तरी आमच्याकडे पोरीच्या लग्नात पितळेचा गुंड, म्हणजे पाणी भरायचा गोल पोटाचा घडा, द्यायची रीत अजून आहे. त्या गुंडांवर काकूंचं पोट होतं. आणि तिथेच सगळी गडबड होती. काळवंडलेलं पितळ चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासलं की बघता बघता उजळतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. काकूंनी ते रोज, उभा जन्म पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी पक्कं ठरवून टाकलं होतं, की माणसाचं तोंडही त्याच जातीचं आहे. मुरुम, वांग, डाग, सुरकुत्या, सगळा वरवरचा थर. घासा, निघतो.

"अवो काकू, पितळेले कातडी नसते!" मी ओरडायची.

"म्हनून तं ते लवकर साफ होते," काकू शांतपणे म्हणायच्या. "मानसाले टाइम लागते."

आता बोला!

त्यात मी फार्मसीची पदविका घेतलेली. बस स्टँडजवळच्या एका मेडिकलवर कामाला. दिवसभर लोकांना सांगून सांगून घसा कोरडा, की बाबा रे, फोडावर टूथपेस्ट लावू नको, खायचा सोडा तोंडाला चोळू नको. संध्याकाळी घरी यावं तर ओट्यावर काकू कोणाच्या तरी तोंडाला सोडाच चोळत बसलेल्या. मी चप्पल काढता काढता भांडायला सुरुवात करायची. कितीदा तर ज्याच्या तोंडासाठी भांडत होते तो माणूस मधल्यामध्ये उठून पळून जायचा आणि आमचं चालूच.

दुकानात गुंड घ्यायला आई आणि नवरी येणार हे ठरलेलं. काकू आधी नवरी पाहायच्या, मग गुंड दाखवायच्या. गुंडासोबत नुस्खा फुकट. "दहा दिवस लावजो, मंग आरशात पाहजो, तूच म्हनशीन ही कोन आहे!" सगळंच चुकीचं होतं असं नाही, खोटं कशाला बोलू. बेसन-दही लावून दहा मिनिटांनी धुवायला सांगायच्या, त्यात कोणाचं काही बिघडत नाही. उशीची खोळ दर आठवड्याला बदल म्हणायच्या. माझे निम्मे मुरुम त्या खोळीनेच गेले असावेत, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझं जगणं मुश्कील केलं असतं. पण बेसनावर थांबतील तर त्या काकू कसल्या! एका नवरीला त्यांनी रोज इतकी हळद चोळायला लावली, की हळदीच्या दिवशी पाहुण्याबाया विचारत होत्या, अगं, हिला आधीच लावून झाली काय?

एकदा मात्र त्यांनी मला गप्प केलं. गल्लीतली एक पोरगी माझ्याकडून गोरं व्हायची एक ट्यूब न्यायची. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. मेडिकलचे मालक म्हणायचे दे, मी द्यायची. वर्षभराने तिचे गाल कागदासारखे पातळ झाले, लालभडक, उन्हात गेली की आग. काकूंनी तिला माझ्यासमोर आणून उभं केलं. "हे माह्या लिंबाचं काम आहे का तुह्या ट्यूबचं, सांग," म्हणाल्या. माझ्याच ट्यूबचं होतं. त्यात स्टेरॉइड असतं आणि ते असं विकायचं नसतं, हे मला परीक्षेपासून पाठ होतं. त्या दिवसापासून चिठ्ठी नसेल तर मी ती ट्यूब देत नाही. मालकाशी वाजलं त्यावरून. पण काकूंना काय, त्यांना एक हत्यार मिळालं. पुढे कधीही मी तोंड उघडलं की, "ट्यूबवाली बोलली!"

त्यांच्या लेपाने सगळ्यांना झोंबायचं. चिंच आणि मीठ म्हणजे झोंबणारच. माणूस कळवळला की काकू खूश व्हायच्या. "झोंबते म्हनजे मळ निघून राहिला. जागा साफ झाली का झोंबनं बंद. हे पाह्य." आणि केस बाजूला करून स्वतःचा डावा गाल दाखवायच्या. तिथे कानाच्या पुढे एक फिकट ठिपका होता, पूर्वी म्हणे चवलीच्या नाण्याएवढा, मी राहायला गेले तेव्हा पुरीएवढा. "इथं साफ झालं. पाह्य, लिंबू लावतो. झोंबते का मले? नाही झोंबत! बाकीचंबी येऊन राहिलं हळूहळू." नवऱ्या तोंडात बोट घालून पाहायच्या. मी मनातल्या मनात म्हणायची, लिंबाने रंग उडाला आहे बाईचा, आणि कौतुक पाहा!

माझी स्वतःची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. लाखांदूरजवळ आमच्या गावी मला पाहायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी सकाळी काकू लिंबू घेऊन दारात. मी नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मात्र आरशात पाहिलं आणि बसले. फार्मसीची पोरगी! लिंबू चोळलं, घाईत अर्धवट धुतलं, एसटी पकडली, आणि खिडकी मिळाली ती नेमकी उन्हाची. वैशाखातलं ऊन. गावी पोचेपर्यंत गाल पेटलेला आणि सकाळी त्यावर तपकिरी पट्टा. मुलाची आत्या आईला म्हणाली, "पोरगी चुलीत पडली होती का?" पुढे काही झालं नाही. तो मुलगा काही विशेष नव्हता असं आता म्हणते. तेव्हा मोरीत बसून रडले होते.

परत येऊन काकूंवर तुटून पडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उन्हात कायले बसली वं? पितळ घासून कोनी उन्हात ठेवते का? धुवाचं, पुसाचं, सावलीत ठेवाचं." संताप याचा, की लिंबू लावून उन्हात जाऊ नये हे अगदी खरं आहे. चुकलेला माणूस असा बरोबर बोलला की भांडणच संपतं.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरत आला असताना एक आशाताई घरोघरी तपासणी करत आमच्या दारात आल्या. मी पायरीवर चहा पीत होते. हातातला कागद पाहून त्या विचारत होत्या, "घरात कोनाच्या आंगावर फिकट चट्टा आहे का? जिथं हात लावलेला समजत नाही, दुखत नाही, खाजत नाही असा?"

"आमच्या घरी तसलं कोनी नाही," काकू म्हणाल्या. "तुह्याच गालावर वांग आहे बाई. बस, लिंबू आनतो."

आशाताई दारावर खूण करून पळाल्या. आणि माझा चहा तसाच हातात राहिला. फिकट. समजत नाही. दुखत नाही. अगं बाई गं! तीन वर्षं काकू माझ्या डोळ्यांसमोर त्या गालावर लिंबू चोळून दाखवत होत्या, झोंबत नाही म्हणून ओरडून सांगत होत्या, आणि मी मेली लिंबाला शिव्या देत होते. कुष्ठरोगाचं हेच पहिलं लक्षण, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेले होते. मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

त्या रविवारी मी काकूंना म्हटलं, "काकू, दुकानात नवीन क्रीम आली आहे. लावून पाहू का? पन डोळे मिटा, आन् हात लागला का हौ म्हना."

नवीन क्रीम म्हटल्यावर काकू लगेच बसल्या, खोट काढायला. मी कापसाचं टोक वळलं. कपाळाला लावलं. "हौ." हनुवटीला लावलं. "हौ." उजव्या गालाला. "हौ." मग डाव्या गालावर, त्या साफ झालेल्या जागी ठेवलं. काकू गप्प. फिरवलं. गप्प. जरा दाबलं.

"लाव ना वं," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "कायले थांबली?"

मला रडू फुटलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा कापूस त्यांच्या गालावरच होता.

मी सांगितलं. नीट सांगितलं, रोगाचं नाव घेऊन, औषध फुकट मिळतं, पूर्ण बरं होतं, असं सगळं. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "महारोग? मले? मी दिवसातून दोनदा आंघोळ करतो." आणि पदराने गाल पुसून, "खोली खाली कर."

"करतो खाली!" मीही ओरडले. "पन पहिले दवाखान्यात चला!"

आठ दिवस त्यांचं बोलणं बंद. मी खोली सोडली नाही, त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. रोज सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहून म्हणायची, चला, आणि त्या माझ्याकडे पाठ करून भांडी पुसायच्या. असला राग आला होता मला! सगळ्या गावाची तोंडं हातात धरून पाहणारी बाई, आणि स्वतःचं तोंड दाखवायला तयार नाही. नवव्या दिवशी मी म्हटलं, नाही यायचं तर नका येऊ, हात वाकडे झाले की मग भांडी कोण घासेल? तेव्हा त्या बोलल्या. पाठ माझ्याकडेच होती.

"माह्या हातचा गुंड कोन घेईन वं मंग? नवरीच्या घरी जाते तो. त्याच्यातलं पानी पेतेत लोक. समजलं तं एक बाई पायरी चढनार नाही. काय खाऊ मी?"

मी एवढंच म्हटलं, की कोणाला सांगू नका, पण चला. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन त्या ऑटोत बसल्या.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर मुलगी माझ्याच वयाची होती. तिने कापूस लावला, हात-पाय तपासले, डोळे मिटायला-उघडायला लावले. म्हणाली, "आजी, वेळेत आलात. हात चांगले आहेत, डोळा चांगला आहे. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणालाही भीती नाही." काकू दगडासारख्या बसल्या होत्या. मग ती म्हणाली, "लघवी लाल होईल, घाबरू नका. आणि गोळ्या चालू आहेत तोवर रंग काळपट होतो. नंतर हळूहळू जातो."

रोगाचं नाव ऐकून न हललेल्या काकू इथे ताडकन उठल्या. "काळा? तोंडाचा?"

"तोंडाचा पण."

"मंग नको."

बापा! त्या खोलीत मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. डॉक्टर मुलीने मला बाहेर जाऊन पाणी प्यायला सांगितलं, एवढं आठवतं. पहिल्या गोळ्या तिने स्वतःसमोर घ्यायला लावल्या. एका घरात राहते म्हणून मलाही तपासलं आणि रोग होऊ नये म्हणून एक डोस दिला. नंतर रोज सकाळी मी काकूंसमोर उभी राहायची, गोळी तोंडात टाकली की जीभ बाहेर काढायला लावायची. एकदा गोळी गालात ठेवून "गिळली" म्हणाल्या. साठीची बाई! मी तोंडात बोट घालून काढली आणि परत दिली.

तिसऱ्या महिन्यापर्यंत काकूंचं तोंड खरंच काळवंडलं. गिऱ्हाईक बाया विचारायच्या, काकू, काय झालं? "उन्हात गेली होती," काकू म्हणायच्या. पुढे नवऱ्यांना नुस्खे सांगणंच बंद केलं. सांगणार कोणत्या तोंडाने? दुकान अगदी शांत झालं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं नाही.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. मी दुपारी जेवायला घरी आले होते. दुकानात पवनीच्या पुढची एक बाई आणि तिची लग्न ठरलेली पोरगी होती. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलेलं, आता नव्या वसाहतीत राहायच्या. गुंड पसंत झाला होता आणि काकू त्याच्या गळ्यावर छिन्नीने पोरीचं नाव आणि गाव घालत होत्या. बाईने जुन्या गावाचंच नाव घालायला सांगितलं होतं. पोरगी पाहायला खाली वाकली, वेणी पुढे आली, आणि काकूंची छिन्नी थांबली.

"हे काय आहे वं मानेवर?"

"शिब आहे काकू, घामाचा फिकट डाग, कायचं काय," आई म्हणाली.

काकूंनी लुगड्याचा दोरा काढला आणि पोरीच्या मानेवर फिरवला. "समजलं?"

"काय?" पोरगी म्हणाली.

काकूंनी दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दवाखान्यात दाखव इले. मोठ्या."

बाईचा आवाज एकदम चढला. "लग्न जुळलं आहे पोरीचं, काकू. उगाच काही बोलू नका. शिबच आहे ते."

काकूंनी छिन्नी खाली ठेवली. केस बाजूला केले. "हे पाह्य," म्हणाल्या. "मलेबी असंच होतं. मीबी शिबच म्हनत होती... नाही, मी तं साफ झालं म्हनत होती. महारोग आहे तो. चौथा महिना आहे गोळ्यायचा. म्हनून काळी दिसून राहिली. बरं होते. पन दाखवा लागते."

बाईचा गुंडावर ठेवलेला हात मागे गेला. तिने पोरीचा दंड धरला आणि दोघी पायऱ्या उतरून गेल्या. गुंड तिथेच राहिला.

मी दारातून बाहेर आले ती ओरडतच. "कायले सांगितलं? कोनी इचारलं होतं? नुसतं दवाखान्यात जा म्हटलं असतं तं नसतं चाललं? उद्या सगळ्या पवनीत होईन! चार महिने लपवलं, आन् आज गिऱ्हाइकाले..."

"मी गेली होती का, तू नुसतं म्हटलं तं?" काकू म्हणाल्या.



त्यांनी छिन्नी उचलली, गावाचं राहिलेलं शेवटचं अक्षर पुरं केलं, गुंड पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. "नेऊन दे. नाव घातलं आहे, दुसऱ्याच्या कामाचा नाही तो. आन् आईसमोर काही बोलू नको, पोरीले एकटीले गाठजो."

म्हणजे पुन्हा मीच! दुसऱ्या दिवशी रजा टाकली, तो जड गुंड मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरला गुंडावरचं गाव सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, ते तं पान्यात आहे." विचारत विचारत, शेवटचे दोन किलोमीटर पायी, ती वसाहत शोधली. सगळी वाट मी काकूंना शिव्या देत होते, मोठ्याने, रस्त्यात कोणी नव्हतं म्हणून.

आईने दार अर्धंच उघडलं. गुंड पाहून तिचं तोंड उतरलं. "पानी तरी घ्या," म्हणाली आणि आत गेली. पोरगी पुढे आली. तिने गुंड दोन्ही हातांनी घेतला, पोटाशी धरला आणि आत एकदा वळून पाहिलं.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "मी काल सुई टोचून पाहिली. नाही समजलं मले. दवाखाना किती वाजता उघडते?"